परदेशातल्या एका सत्राने वर्ष बुडत नाही
नौपाड्यातल्या क्लासपासून नेरुळच्या कॉलेजकट्ट्यापर्यंत एक समज वर्षानुवर्षे फिरतो आहे: एक सत्र परदेशी विद्यापीठात काढले, की इथले वर्ष बुडते आणि वर तिथली लाखोंची फीही भरावी लागते. दोन्ही संस्थांमध्ये विद्यार्थी-विनिमयाचा करार असेल, तर हे सहसा खरे नसते.

अशा करारात विद्यार्थी आपल्याच कॉलेजची फी भरत राहतो आणि यजमान विद्यापीठ बहुधा शिक्षणशुल्क घेत नाही. १९८७ साली युरोपात सुरू झालेल्या इरॅस्मस योजनेत तर ही माफी हा नियमच आहे. वर्षाचा प्रश्न सुटतो तो निघण्यापूर्वीच्या एका कागदावर. इरॅस्मसच्या ‘लर्निंग अ‍ॅग्रीमेंट’मध्ये तिथे घ्यायचे विषय आणि त्यांच्या बदल्यात इथे धरले जाणारे क्रेडिट (विषय पूर्ण केल्यावर मिळणारे श्रेयांक) लिहिलेले असतात, आणि त्यावर विद्यार्थ्यासह दोन्ही विद्यापीठांच्या सह्या लागतात. युरोपात पूर्ण वर्षाचे ६० क्रेडिट, म्हणून सत्राचे ३०. घोळ होतो तो तिथे पोहोचल्यावर विषय बदलला आणि सुधारित कागदावर सही घ्यायची राहून गेली, तर.

खर्चच नाही, असे मात्र कोणी समजू नये. राहणे, जेवण, विमा, व्हिसा हे सारे स्वतःच्याच खिशातून (शिष्यवृत्ती मिळाली तर गोष्ट वेगळी). जर्मनीने विद्यार्थी व्हिसासाठी सप्टेंबर २०२४ पासून दरमहा ९९२ युरोंची तरतूद दाखवण्याची अट घातली. करार नसताना स्वतंत्रपणे प्रवेश घेणाऱ्याला पूर्ण फी भरावी लागू शकते, आणि अशाच एखाद्याचा अनुभव पुढे सर्वांचा म्हणून सांगितला जात असावा.