क्रेडिट कार्डाशिवायही विमानाचे माइल्स मिळतात

ठाण्यातील सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर वर्षानुवर्षे फिरणारा संदेश सांगतो की, क्रेडिट कार्ड नसेल तर विमानाचे माइल्स, म्हणजे पुढे तिकिटासाठी वापरता येणारे विमान कंपनीचे गुण, मिळत नाहीत. कार्डांच्या जाहिराती सतत दिसत असल्याने असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु माइल्सचे मूळ प्रवासात आहे. बहुतेक विमान कंपन्यांच्या माइल्स देणाऱ्या योजनांचे सदस्यत्व विनामूल्य असते, आणि नौपाड्यातील एजंटाकडे रोख पैसे देऊन काढलेल्या तिकिटावरही, भाड्याचा प्रकार पात्र असल्यास, माइल्स जमा होतात. पैसे मुलाने भरले तरी माइल्स सहसा प्रवास करणाऱ्या आईच्याच खात्यात जातात, म्हणून तिचे स्वतंत्र सदस्यत्व हवे. तिकिटावर सदस्य क्रमांक आला आहे का आणि नावाचे स्पेलिंग खात्याशी जुळते का, हे आधीच पाहावे. प्रवासानंतर खाते तपासावे, आणि तोवर बोर्डिंग पास मात्र टाकू नये, कारण राहून गेलेले माइल्स ठरावीक मुदतीत मागता येतात आणि तेव्हा त्याची गरज पडू शकते.