ट्रेलरवरचा रोलर: वजन उचलणारा की नुसता वाचवणारा?

इथे मेलबर्नला आपल्या ओळखीतल्या बऱ्याच जणांनी सेकंडहँड बोटी घेतल्यात, बहुतेक १४-१५ फुटी, कुणाची ॲल्युमिनियमची टिनी तर कुणाची फायबरग्लासची, आणि थोडे दिवस पाण्यात घालून झाली की सगळ्यांचा प्रश्न एकच: बोट परत ट्रेलरवर घेताना खालची कील (तळाच्या मधोमध पुढून मागे जाणारा कणा) ट्रेलरच्या मागच्या लोखंडी आडव्या बारवर आपटतेय, तिथे एखादा रोलर लावून टाकू का? लावा की, जरूर लावा. पण कुठला? "रोलर म्हणजे रोलर, त्यात काय एवढं" म्हणत दुकानातून एक पिवळा रोलर अन् ब्रॅकेट आणायचं आणि बसेल त्या उंचीवर बसवून टाकायचं, इथेच सगळा घोळ होतो. दिसायला सेम टू सेम असे दोन रोलर ट्रेलरवर दोन अगदी वेगळी कामं करतात. एक बोटीचं वजन घेतो. दुसरा वजन अजिबात घेत नाही, बोट चढता-उतरताना कील आणि लोखंड यांची गाठ पडू नये एवढ्यापुरताच तो तिथे असतो. ब्रॅकेट तेच, रोलरच्या भोकातून जाणारी दांडी तीच, रोलरही तोच, फरक फक्त सेंटीमीटरभर उंचीचा.

आता आपला कुठला हे ओळखायचं कसं? सोप्पंय. बोट ट्रेलरवर नीट बसलेली असताना, सपाट जागेवर, विंचचा (बोट ओढून घ्यायच्या पुढच्या चरखीचा) पट्टा टाइट असताना, खाली वाका आणि मधल्या रोलरना एकेक करून हाताने फिरवून बघा. जो जाम आहे, जोर लावूनही हलत नाही, तो वजन घेतोय. जो गरागरा फिरतो तो नुसता राखणदार. ट्रेलर विकणाऱ्याने काय सांगितलं ते सोडा, ही टेस्ट खोटं बोलत नाही. फक्त एक बघा, फिरत नाही तो वजनामुळे की गंजून बसलाय म्हणून, कारण सेकंडहँड ट्रेलरवर दुसरं कारणच जास्त सापडतं.

गोंधळ होतो त्याचं अजून एक कारण म्हणजे आपण सगळे व्हिडिओ बघतो अमेरिकन आणि ट्रेलर असतो ऑस्ट्रेलियन. अमेरिकेत फायबरग्लासच्या बोटींना जास्त करून बंक ट्रेलर असतात, म्हणजे दोन्ही बाजूंना लांबलचक लाकडी फळ्या, वर कार्पेट गुंडाळलेलं, आणि बोट त्या फळ्यांवर बसते. मध्ये एखाद-दोन रोलर असले तरी ते कील वाचवायला आणि बोट मधोमध यायला. इकडे ऑस्ट्रेलियात ॲल्युमिनियमच्या बोटींना नेमकं उलट, मधोमध रोलरची एक रांग, तिच्यावर कील, आणि बहुतेक वजन त्या रांगेवर. बाजूला ज्या नायलॉनच्या पट्ट्या असतात, ज्यांना इथे स्किड म्हणतात, त्या बोट कलंडू नये म्हणून. तर टेक्सासवाला मामेभाऊ व्हॉट्सॲपवर सांगतो "अरे मधले रोलर खाली घे, ते नुसते गाइड असतात", तो त्याच्या ट्रेलरबद्दल बरोबरच बोलत असतो, आणि तुमच्या टिनीचं मात्र वाटोळं होतं.

का होतं ते बघू. टिनीची कील जाड आणि मजबूत असते, पण तिच्या दोन्ही बाजूंचा तळाचा पत्रा असतो साधारण २-३ मिलीमीटरचा. मधले रोलर खाली घेतले की सगळा भार बाजूच्या स्किडवर जातो, म्हणजे त्या पातळ पत्र्यावर. उभ्या ट्रेलरवर काही कळत नाही. पण खराब रस्त्यावर तासभर दणके बसले की जिथे आतून रिब (आधाराची पट्टी) नाही तिथे पत्रा आत दबतो, रिव्हेटची बोट असेल तर रिव्हेट ढिले होऊन पाणी झिरपायला लागतं, वेल्डेड असेल तर वेल्डजवळ बारीक चीर जाते. आणि मग लोक म्हणतात बोटच खराब होती.

फायबरग्लासला उलटी चूक महागात पडते. बंक ट्रेलरवर राखणदार रोलर लावला आणि तो जरा जास्तच वर बसला, तर बोट फळ्यांवरून किंचित उचलली जाते आणि ज्या वजनासाठी दोन लांब फळ्या होत्या ते सगळं एका रोलरच्या हाताएवढ्या जागेवर येतं. उभं राहून बघितलं तर बोट डावी-उजवीकडे डुलताना दिसते, बाजूला हाताने ढकललं तरी हलते. काही महिन्यांनी तिथे जेलकोटला (फायबरग्लासच्या वरच्या चकचकीत थराला) कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा दिसायला लागतात. मागच्या बाजूला ट्रान्समजवळ (बोटीच्या मागच्या उभ्या भिंतीजवळ) तर खास काळजी, कारण इंजिनचं वजन तिथे लटकलेलं असतं. फळ्या ट्रान्समपर्यंत पोचायलाच हव्यात, आणि त्या आखूड असतील तर ती कसर मधल्या एका रोलरने भरून काढायची नाही, फळ्या लांब करायच्या.

तिसरा एक प्रकार असतो त्याचा उल्लेख करून टाकतो, नाहीतर कमेंटमध्ये येईलच. काही ट्रेलरवर दोन्ही बाजूंना झुलत्या हातांवर बसवलेले खूप सारे छोटे रोलर असतात, इथे त्यांना वॉबल रोलर म्हणतात. फायबरग्लास बोट त्यांच्यावर आरामात बसते कारण वजन पुष्कळ ठिकाणी वाटलं जातं आणि हात झुलते असल्यामुळे ते बोटीच्या तळाच्या आकाराप्रमाणे स्वतःच वळतात. हे वजन घेणारेच. बाजूला उभे पाइप असतात ते नुसते गाइड, त्यांचा वजनाशी काही संबंध नाही.

आता राखणदार लावायचा असेल तर जागा कुठली? कील कुठे आपटते ते बघा, अंदाज नको. रॅम्पवर (बोट पाण्यात सोडायच्या उतारावर) ट्रेलरचं मागचं टोक खाली गेलेलं असतं आणि बोट पाण्यात आडवी तरंगत असते, म्हणजे दोघांचा कोन जुळत नाही, त्यामुळे आत येताना नाकाचा खालचा भाग सगळ्यात मागच्या आडव्या बारला पहिल्यांदा भेटतो. मेलबर्नजवळच्या वेस्टर्न पोर्टच्या खाडीत भरती-ओहोटीचा फरक मोठा, ओहोटीला गेलात तर ट्रेलर हवा तेवढा खोल जातच नाही आणि तो बार पाण्याच्या पातळीजवळच राहतो, मग बाजूने वारा किंवा लाट असली की ठण्ण. तिथे लोखंडावरचा गंज रोखणारा झिंकचा थर उडून चकचकीत ओरखडा दिसेल आणि कीलवर तसाच जोडीचा ओरखडा असेल. दोन्ही खुणा जुळल्या की रोलरची जागा ठरली, बहुतेक वेळा ती मागच्या बारच्या मधोमधच असते.

बसवताना ट्रेलरच्या आडव्या बारला भोकं पाडू नका प्लीज. गॅल्व्हनाइज्ड बारला ड्रिल मारलं की झिंकचा थर तिथे गेला, खाऱ्या पाण्याला आत जायला रस्ता मिळाला, आणि बारही कमजोर झाला. यू-बोल्टने आवळायचं ब्रॅकेट मिळतं, गॅल्व्हनाइज्डच घ्यायचं, उंची कमी-जास्त करता येते असं. रोलरच्या मधल्या भोकाचा व्यास, त्यातून जाणाऱ्या दांडीचा व्यास आणि ब्रॅकेटच्या दोन कानांमधली आतली जागा, ही तीन मापं घरून व्हर्नियरने घेऊन जा. अमेरिकेतले असाल तर दांडी जास्त करून १/२ किंवा ५/८ इंचाची असते आणि या दोन डोळ्यांना जवळजवळ सारख्याच दिसतात, पण १/२ ची दांडी ५/८ च्या रोलरमध्ये घातली की रोलर डगडगतो आणि भोक अंडाकृती होऊन जातं.

उंचीचं माझं सांगणं असं, कील आणि राखणदार रोलर यांच्यात सेंटीमीटरभर फट ठेवा, त्याहून फार जास्त नको नाहीतर तो लोखंडाला वाचवणारच नाही. आणि ही फट बघायची टाकी फुल असताना, सामान आत असताना. १०० लिटर पेट्रोल म्हणजे साधारण ७५ किलो, आणि टाकी बहुतेक मागेच असते, रिकाम्या बोटीला जी फट छान दिसली ती फुल टाकीला बंद होते, वरून कार्पेट दबतं, फळी वाकते, आणि तुमचा राखणदार गुपचूप हमाल होऊन बसतो. म्हणून सगळं भरून झाल्यावर परत एकदा हाताने फिरवून बघायचा.

वजन घेणारा रोलर बदलायचा असेल तर काम वेगळं आणि एकट्याने करायचं नाही. तिथे फट नाही, सगळे रोलर कीलला एका रेषेत टेकले पाहिजेत, एक वर आणि बाकी खाली असं झालं की तोच एकटा मरतो. रोलरची रांग वर-खाली केली की बोट ट्रेलरवर पुढे-मागेही सरकू शकते आणि टो बॉलवरचं (गाडीच्या मागच्या ज्या गोळ्यावर ट्रेलर अडकवतो त्याच्यावरचं) वजन बदलतं, ते इथे बोट धरून ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० टक्क्यांच्या आसपास ठेवतात, बोट मागे सरकून ते फारच कमी झालं तर ट्रेलर हायवेवर शेपूट हलवायला लागतो.

मटेरियलवर फार डोकं खाऊ नका. काळं रबर स्वस्त, पण पांढऱ्या जेलकोटवर काळे पट्टे मारतं आणि उन्हाने तडकतं. पॉलियुरेथेन डाग पाडत नाही आणि टिकतं, राखणदारासाठी मी तेच घेईन. एकदम कडक नायलॉन टिनीच्या कीलखाली चालतं, फायबरग्लासखाली नको. रंगावर जाऊ नका, एका कंपनीचा लाल मऊ असतो म्हणजे दुसरीचाही असेलच असं नाही.

एक गोष्ट मात्र दोघांमध्ये जीवावर बेतण्याइतकी वेगळी आहे. बंक ट्रेलरवर कार्पेट बोटीला धरून ठेवतं, तिथे एक राखणदार रोलर लावल्याने ही पकड फारशी बदलत नाही. पण फळ्या काढून वजन घेणारे रोलर लावले की बोट उतारावर कधीही सुटू शकते. कोकणात होडी ओढताना खाली ओंडके टाकले की ती कशी सरसर चालायला लागते ते ज्यांनी बघितलंय त्यांना जास्त सांगायला नको. इथल्या पॅटरसन रिव्हरच्या रॅम्पवर शनिवारी सकाळी मागे लाइन लागलेली असते, लोक घाईघाईत वरच विंचचा हूक आणि सेफ्टी चेन काढून ठेवतात, जुन्या बंक ट्रेलरवर ती सवय खपून गेलेली असते. रोलरवर नाही खपत, बोट थेट काँक्रीटवर. चेन आणि हूक बोट पाण्यात असताना काढायचे. आणि हो, बोट सहज घसरावी म्हणून बंकवर सिलिकॉन स्प्रे मारणाऱ्यांनाही हेच लागू.

देखभाल दोघांची एकच, पण राखणदाराकडे दुर्लक्ष जास्त होतं कारण तो एरवी फिरतच नाही. मीठ आत सुकतं, दांडी गंजते, रोलर चिकटून बसतो आणि मग बोट चढताना तो फिरायच्या ऐवजी घासतो, त्याच्यावर एक सपाट चट्टा पडतो आणि कीलवर रेघ उमटते. घरी आलात की बोटीबरोबर त्यालाही गोड्या पाण्याने धुवा, सीझनच्या सुरुवातीला दांडी काढून मरीन ग्रीस लावा. दांडी परत घालताना ती निसटू नये म्हणून टोकाला असलेली जुनी स्प्लिट पिन सरळ करून पुन्हा वापरू नका, नवीन स्टेनलेसची घाला, दोन्ही पाय नीट वाकवा आणि टोकं वर कीलकडे राहणार नाहीत हे बघा.