वास्को गावात वास्को द गामा उतरलाच नव्हता

गोव्यात रेल्वेने वास्कोला उतरणारा पर्यटक हमखास विचारतो, ‘तो इथेच उतरला ना?’ रिक्षावालेही मान डोलावतात. नाव तसंच आहे, त्यांना तरी दोष काय द्यायचा!

पण वास्को द गामा १४९८ मध्ये पोहोचला तो केरळात, कालिकतजवळ. गोवा आदिलशहाकडून जिंकला आफोन्सो द आल्बुकर्कने, १५१० मध्ये. गामा व्हाइसरॉय होऊन १५२४ मध्ये गोव्यात आला खरा, पण तेव्हाचं गोवा शहर म्हणजे आताचं जुनं गोवें, आणि त्याच वर्षी डिसेंबरात तो कोचीनला वारला.

वास्कोजवळच्या मुरगावचा किल्ला सतराव्या शतकातला. आजचं शहर मात्र त्याहून बरंच अलीकडचं, आणि ते वसवलं ते बंदराने आणि आगगाडीने. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारातून मुरगावपासून घाट चढून हद्दीवरच्या कॅसलरॉकपर्यंतची लोहमार्गाची योजना पुढे सरकली आणि १८८८ पर्यंत गाडी हद्दीपर्यंत धावू लागली. मग हमाल, कारकून, व्यापारी आले. दामोदर सप्ताहाची, म्हणजे इथल्या अखंड भजनाच्या उत्सवाची, सुरुवातही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेल्या साथीशी जोडली जाते. म्हणजे तेव्हा इथे भजनाला माणसं जमतील एवढी वस्ती होती!

पुढे खनिजाची निर्यात वाढली, पोर्तुगीजांनी १९५० च्या दशकात दाबोळीला विमानतळ बांधला आणि वस्ती टेकड्यांवर चढली. गामाचं नाव या नव्या शहराला त्याच्या मृत्यूनंतर काही शतकांनी, सन्मान म्हणून दिलेलं आहे.