त्रैक्य आणि तादात्म्य

त्रैक्य हा ख्रिस्ती धर्माचा मूलभूत सिद्धान्त. तो मान्य केल्यास तादात्म्याच्या, म्हणजे ‘क्ष आणि य एकच’ या संबंधाच्या, तर्कशास्त्राचे काय होते, याविषयीचा तात्त्विक वाद येथे अभिप्रेत आहे. पिता, पुत्र (येशू ख्रिस्त) आणि पवित्र आत्मा या तीन परस्परभिन्न व्यक्ती असून त्यांचे सत्त्व (मूळ स्वरूप) एकच आहे, म्हणून देव एकच आहे, असे हा सिद्धान्त सांगतो. इ. स. ३२५ च्या नायसिया परिषदेने पुत्र पित्याशी ‘एकसत्त्व’ असल्याचे घोषित केले; ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेनंतर पवित्र आत्म्याविषयीचे प्रतिपादनही स्थिरावले.

‘तीन म्हणजे एक कसे?’ हा लोकप्रिय आक्षेप फारसा खोल जात नाही. सिद्धान्त व्यक्ती तीन म्हणतो आणि सत्त्व एक म्हणतो. एकाच गोष्टीची संख्या तो दोनदा सांगत नाही. खरी अडचण ‘पुत्र देव आहे’ या साध्या विधानात आहे. त्यातील ‘आहे’ तादात्म्यदर्शक मानला, तर तादात्म्य सममित (क्ष हा य, तर य हाही क्ष) व संक्रामी (क्ष हा य आणि य हा ज्ञ, तर क्ष हा ज्ञ) असल्यामुळे पिता आणि देव एक, पुत्र आणि देव एक, म्हणून पिता आणि पुत्र एक, असा निष्कर्ष निघतो. तो सिद्धान्ताने स्पष्टपणे नाकारलेला आहे. उलट ‘आहे’ केवळ गुणवाचक मानला, तर देवत्व असलेल्या तीन भिन्न व्यक्ती उरतात आणि तीन देव मानल्याचा दोष येतो. रिचर्ड कार्टराइट यांनी १९८७ मध्ये हा पेच नेमक्या विधानांत मांडला, आणि पुढील बहुतेक चर्चा त्याच मांडणीला धरून झाली आहे.

पेचाचे अभिजात शब्दरूप मात्र फार जुने आहे. ‘पिता देव, पुत्र देव, पवित्र आत्मा देव, तरी तीन देव नव्हेत, एकच देव’ हे वाक्य अथानासियन विश्वासांगिकारातले, म्हणजे श्रद्धेचा सारांश सांगणाऱ्या चर्चच्या एका औपचारिक पाठातले. त्याचे कर्तृत्व व काळ हा दीर्घ वादाचा विषय आहे. परंपरेने तो अलेक्झांड्रियाचे अथानासियस (मृत्यू ३७३) यांच्या नावावर चढवला. परंतु तो मुळात लॅटिन असून अथानासियस ग्रीकमध्ये लिहीत. १६४२ मध्ये खेरार्ड फॉसियस यांनी हे कर्तृत्व नाकारले आणि नंतरच्या अभ्यासकांनी तो निर्णय जवळजवळ एकमुखाने उचलून धरला. पर्यायांबाबत मात्र एकमत झाले नाही. अठराव्या शतकात डॅनिएल वॉटरलंड यांनी आर्लचे हिलरी यांचे नाव सुचवले. विसाव्या शतकाच्या आरंभी मिलानचे अँब्रोज यांचा पक्ष मांडला गेला. १९४० मध्ये लेरँस मठातील व्हिन्सेंट यांचे एक संकलन प्रकाशात आले. त्यातील वाक्यरचना या विश्वासांगिकाराशी इतकी जुळते, की दक्षिण गॉलमधील लेरँसच्या परिसरात साधारणपणे पाचव्या शतकाच्या अखेरीस किंवा सहाव्याच्या आरंभी तो रचला गेला असावा, हे मत आज अधिक ग्राह्य वाटते. आर्लचे सेझारियस (मृत्यू ५४२) यांना तो परिचित होता, त्यामुळे उत्तरमर्यादाही ठरते. काळाचा हा प्रश्न केवळ इतिहासाच्या कुतूहलाचा नाही. रचना इतकी उशिराची असेल, तर तिच्यामागे लॅटिन धर्माचार्य ऑगस्टीन यांचे विवेचन आहे आणि तिची भाषा पाश्चात्त्य परंपरेची आहे. मग पूर्वेकडील ग्रीक आचार्यांची मते तिच्या चौकटीत बसवून तपासणे योग्य ठरत नाही.

ग्रीक आचार्यांपैकी निसाचे ग्रेगरी यांना हाच प्रश्न थेट विचारला गेला होता: पेत्र, याकोब आणि योहान (येशूचे शिष्य) हे तीन मनुष्य, तर मग पिता, पुत्र व आत्मा तीन देव का नव्हेत? त्यांचे उत्तर दुपदरी आहे. मनुष्यस्वभाव एकच असताना ‘तीन मनुष्य’ म्हणणेही काटेकोरपणे चुकीचेच. शिवाय तिन्ही व्यक्तींची कृती एकच असते, तिघांनी वाटून घेतलेली नसते. आधुनिक ‘सामाजिक त्रैक्यवादी’ (तिन्ही व्यक्तींना स्वतंत्र मने मानणारे) या उत्तराचा आधार घेतात. ग्रेगरी यांना त्यात तीन स्वतंत्र मने अभिप्रेत होती, असे मात्र दिसत नाही.

मध्ययुगात वाद तर्कशास्त्राच्या अंगाने गेला. कोंप्येन्यचे रोसलँ यांच्यावर तीन देव मानल्याचा आरोप झाला आणि आन्सेल्म यांनी त्यांना उत्तर दिले. पीटर अबेलार्ड यांनी सत्त्वाने एक पण लक्षणाने भिन्न असे ऐक्याचे प्रकार वेगळे केले. त्यांच्या ग्रंथाचा ११२१ मध्ये स्वासों येथे निषेध झाला. टॉमस अक्वायनस यांच्या मते एकाच वस्तूशी एकरूप असलेल्या दोन गोष्टी परस्परांशी एकरूप असतात, हा नियम वस्तू आणि संकल्पना दोन्ही एक असतील तेव्हाच लागू होतो. पितृत्व आणि पुत्रत्व हे सत्त्वाशी वस्तुतः एक असले, तरी परस्परविरुद्ध संबंध म्हणून भिन्न राहतात. व्यक्तींची भिन्नता केवळ संबंधांत ठेवणारा हा मार्ग आजही सर्वांत संयत वाटतो. लायप्निट्स यांनीही तरुणपणी, १६६९ मध्ये, त्रैक्य नाकारणाऱ्या सोसिनियन पंथाच्या विसोवाती यांच्या युक्तिवादाविरुद्ध त्रैक्याची बाजू मांडली. अभिन्न वस्तूंचे सर्व गुण समान असतात, हे आज त्यांच्याच नावाने ओळखले जाणारे तत्त्व त्रैक्याविरुद्धचे मुख्य शस्त्र ठरले, ही गोष्ट नोंदण्याजोगी आहे.

विसाव्या शतकात पीटर गीच यांनी निरपेक्ष तादात्म्यच नाकारले. ‘तेच’ म्हटले की ‘तेच काय?’ हा प्रश्न उरतो. म्हणून पिता व पुत्र तोच देव पण तीच व्यक्ती नव्हेत, असे म्हणण्यात विसंगती नाही. पीटर व्हॅन इनवेगन यांनी १९८८ मध्ये या सापेक्ष तादात्म्याचे आकारिक तर्कशास्त्र रचून सिद्धान्त सुसंगत मांडता येतो, हे दाखवले. सुसंगत म्हणजे सत्य नव्हे, हे त्यांनाही मान्य होते. लायप्निट्स यांचे तत्त्व सोडण्याची किंमत मोठी आहे, हा यावरचा मुख्य आक्षेप.

ती किंमत कमी करण्याचा प्रयत्न जेफ्री ब्राउअर आणि मायकेल रे यांनी २००५ मध्ये केला. तो समजण्यास सोलापुरी चादर पुरेशी आहे. सूत चादरीच्या आधी होते. चादर उसवली तर सूत राहील, चादर राहणार नाही. म्हणून गुणधर्मांनी दोन्ही भिन्न, तरी दुकानात गिऱ्हाइकाला आपण एकच वस्तू देतो. संख्येने एक आणि तरीही तादात्म्य नाही, असा हा संबंध. येथे दैवी सत्त्व सुताच्या जागी आणि पितृत्व, पुत्रत्व, निःसरण (पवित्र आत्म्याचे उद्भवणे) ही लक्षणे विणीच्या जागी येतात. सत्त्व द्रव्यासारखे नाही, त्याचे तुकडे होत नाहीत. त्यामुळे हे साम्य मर्यादित आहे, पण व्हॅन इनवेगन यांच्या मांडणीपेक्षा ते अधिक समजते. जेसी बील यांनी अलीकडे विसंगती खरीच आहे असे मान्य करून, तर्कशास्त्रच त्यासाठी सैल करावे, अशी भूमिका घेतली आहे.

सोलापूरच्या प्रोटेस्टंट समाजाचा उगम या वादाच्या एका शाखेपर्यंत मागे नेता येतो. १८०५ मध्ये हार्वर्ड येथील धर्मशास्त्राच्या अध्यासनावर त्रैक्य न मानणाऱ्या युनिटेरियन मताचे हेन्री वेअर यांची नेमणूक झाली. त्याविरोधात पुढील दोन-तीन वर्षांत अँडोव्हर येथे त्रैक्यनिष्ठ धर्मविद्यालय निघाले, तेथील विद्यार्थ्यांच्या पुढाकारातून १८१० मध्ये ‘अमेरिकन बोर्ड’ हे परदेशी धर्मप्रचाराचे मंडळ स्थापन झाले आणि १८१३ मध्ये त्याचे मिशनरी मुंबईत स्थिरावले. हेच पुढचे अमेरिकन मराठी मिशन. अहमदनगरमार्गे ते १८६० च्या दशकात सोलापुरात पोचले. मराठी मुलखात दुसरी बाजूही आली: १८६७ मध्ये स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाचे युनिटेरियनांशी सख्य होते, आणि समाजाच्या वतीने पंढरपुरात १८७५ मध्ये अनाथ बालकाश्रम निघाला. विठ्ठल रामजी शिंदे यांचे ऑक्सफर्डमधील शिक्षणही (१९०१–०३) युनिटेरियनांच्या साहाय्याने झाले.

सोलापूर परिसरात त्रैक्याची तुलना दोन कल्पनांशी सहज होते. अक्कलकोटमुळे दत्तसंप्रदाय येथे घरोघरी आहे, आणि ब्रह्मा, विष्णू, महेश यांचे एकरूप म्हणून दत्तात्रेय पुजला जातो. तथापि सृष्टी, स्थिती, लय अशी कामांची वाटणी त्रैक्यात नाही. तशी ती मानली, तर एकाच देवाची तीन रूपे मानणारे, चर्चने तिसऱ्या शतकातच नाकारलेले मत पदरी येते. दुसरी तुलना सिद्धरामेश्वरांच्या वीरशैव परंपरेशी होते. गुरू, लिंग, जंगम यांची एकता आणि षट्स्थलांतील (साधनेच्या सहा पायऱ्यांतील) शेवटचे ऐक्यस्थल ही तिची अंगे. परंतु ऐक्यस्थलातले ऐक्य साधक आणि शिव यांच्यातील, साधनेअंती लाभणारे आहे. त्रैक्यातले ऐक्य देवाच्या स्वतःतले आणि अनादी आहे. सच्चिदानंद या संज्ञेतून त्रैक्य उलगडण्याचा प्रयत्न बंगालमध्ये केशवचंद्र सेन (१८८२) आणि नंतर ब्रह्मबांधव उपाध्याय यांनी केला.

मराठी ख्रिस्ती विचारकांत हा प्रश्न सर्वांत प्रामाणिकपणे पंडिता रमाबाई यांनी विचारला. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यानंतर लिहिलेल्या पत्रांत त्यांनी त्रैक्याविषयीच्या शंका आणि अथानासियन विश्वासांगिकाराला असलेला आक्षेप आपल्या गुरुस्थानी असलेल्या ख्रिस्ती संन्यासिनींना स्पष्ट कळवला. ही पत्रे १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने इंग्रजीत प्रसिद्ध केली.