पॅकेज भागिले बारा म्हणजे पगार नव्हे
(बिझनेस इकॉनॉमिक्ससाठी शैक्षणिक कर्ज काढणाऱ्या पालकांना आणि विद्यार्थ्यांना)

बारावीचा निकाल लागला की सांगलीच्या आमच्या ऑफिसात दिवसातून चार-पाच वेळा एकच प्रश्न येतो : "बिझनेस इकॉनॉमिक्सला स्कोप आहे का हो?" स्कोप म्हणजे पैसे, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि आम्हालाही. आम्ही शैक्षणिक कर्जाच्या फायली करतो, तेव्हा पैशाचंच बोलू.

आधी एक गोंधळ निस्तरू. या एका नावाखाली लोक तीन वेगळ्या गोष्टी विचारतात. एक म्हणजे आपल्याकडच्या बी.कॉम.मधला विषय. अनुदानित कॉलेजात त्याची फी वर्षाला काही हजार असते. त्यासाठी कर्ज काढायला आलात तर आम्ही चहा पाजून परत पाठवतो. दुसरी, दिल्ली विद्यापीठाची बी.ए. ऑनर्स बिझनेस इकॉनॉमिक्स. तिथे प्रवेश सीयूईटी या देशपातळीवरच्या प्रवेशपरीक्षेवर होतो आणि त्यात गणित सक्तीचं आहे. अकरावीला गणित सोडून एसपी (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस) घेतलेल्यांचं ते दार तेव्हाच बंद झालेलं असतं. तिसरी, खासगी विद्यापीठांतली याच नावाची किंवा याच विषयाची पदवी, फी लाखांत. आमच्याकडच्या बहुतेक फायली या तिसऱ्या प्रकारातल्या. खालचं सगळं त्यांच्यासाठी.

आता नेहमी होणारी चूक. पालक कॉलेजचं चकचकीत माहितीपुस्तक टेबलावर ठेवतात, पॅकेजच्या आकड्यावर बोट ठेवतात आणि म्हणतात, "चार लाख वीस हजार. म्हणजे महिना पस्तीस. हप्ता सहज निघेल." त्या पस्तीसवर आम्ही परतफेडीचा तक्ता करून देतो. मग घरी कुणी नोकरीतला मामा भेटतो, आकडा बदलतो, तक्ता पुन्हा करा. मागच्या जूनमध्ये एकाच फायलीचे चार तक्ते झाले. शेवटी फाईल घेऊन आलेल्या ताईंनी थोरल्या मुलीची पगाराची स्लिप पर्समधून काढली, तेव्हा कुठे सगळ्यांचा एक आकडा ठरला.

त्याच पद्धतीने मांडून दाखवतो. पॅकेज ४,२०,०००. त्यातले ४२,००० 'व्हेरिएबल', म्हणजे वर्षाअखेरी कंपनीची आणि तुमची कामगिरी बरी असली तर. उरले ३,७८,०००, महिन्याला ३१,५००. यातून कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,८००, ग्रॅच्युइटी ७२२ (मूळ पगार १५,००० धरून ४.८१ टक्के), गटविमा समजा ४७८. हे पॅकेजमध्ये मोजलेलं असतं, पण हातात येत नाही. स्लिपवर दिसतात २८,५००. त्यातून तुमचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००) गेले की खात्यात २६,५००.

पस्तीसचे साडेसव्वीस झाले, आणि यात कुणी कुणाला फसवलेलं नाही. पीएफ तुमचाच आहे. फक्त त्यातून बँकेचा हप्ता जात नाही.

दुसऱ्या बाजूला कर्ज. तीन वर्षांची फी ६ लाख, दरवर्षी २ लाख उचलले, व्याज १० टक्के धरू. अभ्यासक्रमाची तीन वर्षं आणि पुढचं एक वर्ष हप्ता नाही. या काळाला बँक मोरेटोरियम म्हणते आणि निम्मे लोक त्याचा अर्थ 'बिनव्याजी' असा घेतात. व्याज पहिल्या दिवसापासून चालू असतं. चार वर्षांत ते १,८०,००० होतं आणि मुद्दल ७,८०,००० होऊन हप्ता सुरू होतो : दहा वर्षांसाठी महिना सुमारे १०,३००. साडेसव्वीसमधून तो गेला की पुण्यात खोलीभाडं, मेस आणि बसपास भागवायला सोळा हजार उरतात. भागतं, पण घरी पाठवायला काही उरत नाही.

यावर एक साधा उपाय आहे आणि तो आम्ही प्रत्येकाला सांगतो. शिक्षण चालू असतानाच दरमहा व्याज भरा. पहिल्या वर्षी महिना १,६६७, दुसऱ्या वर्षी ३,३३३, नंतर ५,०००. मग हप्ता सुरू होतो तो ६ लाखांवर, सुमारे ७,९३०. दहा वर्षांत २,८५,००० च्या आसपास कमी भरावे लागतात, त्यासाठी आधी भरलेले १,८०,०००. वडिलांच्या पगारातून किंवा दुधाच्या बिलातून पहिल्या वर्षी महिना सोळाशे निघत असतील तर काढाच.

करसवलतीचंही विचारतात. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची वजावट (१९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातलं कलम ८०ई) फक्त जुन्या करप्रणालीत मिळते, आणि वर दाखवलेल्या पगारावर मुळात करच बसत नाही. सहकर्जदार वडील स्वतः व्याज भरत असतील आणि जुन्या प्रणालीत असतील, तर उपयोग त्यांना. पीएम विद्यालक्ष्मी योजनेत ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर मोरेटोरियमच्या काळात ३ टक्के व्याजसवलत आहे, पण ठरावीक संस्थांसाठीच. तुमचं कॉलेज यादीत आहे का, ते आम्ही तुमच्यासमोर बसून बघतो.

मग पदवीला किंमत आहे की नाही? आमचं मत विचाराल तर नुसत्या पदवीला बेताची. एक्सेल, आकडेवारी आणि धड इंग्रजीत दोन पानी टिपण, हे ज्याला जमतं त्याचा पगार दोन वर्षांत हलतो. पुढे शिकायची तयारी असेल तर गोष्ट वेगळी : यूपीएससीच्या भारतीय आर्थिक सेवेच्या परीक्षेला अर्थशास्त्राबरोबर बिझनेस इकॉनॉमिक्सची पदव्युत्तर पदवीही चालते. पुण्यात १९३० पासूनची गोखले इन्स्टिट्यूट आहे, मुंबई विद्यापीठाचं मुंबई स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स अँड पब्लिक पॉलिसी (आधीचा अर्थशास्त्र विभाग) आहे. पदव्युत्तर शिक्षण नक्की असेल, तर पदवीवर कमी खर्च करून पैसे पुढच्या दोन वर्षांसाठी राखावेत. असं सांगितल्याने आमची फाईल लहान होते, हे आम्हाला कळतं.

पहिल्या बैठकीचे ५०० रुपये घेतो, त्यावर कुरकुर होते. समोरचा सल्लागार फुकट बसवतो, असंही ऐकवतात. फुकट बसवणाऱ्याला कॉलेजकडून काही मिळतं का, एवढं विचारून बघा. आम्ही कॉलेजकडून एक पैसा घेत नाही. फाईल आमच्याकडून केलीत तर ते ५०० शेवटच्या बिलातून वजा होतात.

येताना तीन कागद आणा : कॉलेजचं वर्षवार फीचं पत्रक (वसतिगृहासकट), आई-वडिलांचा उत्पन्नाचा पुरावा आणि त्याच कॉलेजातून अलीकडे बाहेर पडलेल्या एखाद्याची पगाराची स्लिप, नाव खोडून चालेल. तिसरा कागद मिळवायला त्रास होतो, माहीत आहे. कॉलेजच्या प्लेसमेंट विभागाकडे मागा. देत नसतील तर तेही आम्हाला येऊन सांगा. आणि सीट पक्की करायचे पैसे भरण्याआधी या, भरून झाल्यावर नव्हे. जून-जुलैत शनिवारीही संध्याकाळी सातपर्यंत बसतो.