आइस-टी वेगळा, आइस क्यूब वेगळा

परवा मामेभावाने फॅमिली ग्रुपवर 'लॉ अँड ऑर्डर एसव्हीयू' या अमेरिकन पोलीस मालिकेची एक क्लिप टाकली आणि खाली लिहिलं, "बघा, हा एन.डब्ल्यू.ए. वाला, पोलिसांना शिव्या देऊन मोठा झाला आणि आता टीव्हीवर स्वतःच पोलीस!" सगळ्यांनी लाइकचे अंगठे टाकले, मी मात्र भाजी चिरायची सोडून तिथेच टाईप करत उभा राहिलो, कारण क्लिपमधला माणूस आइस-टी आहे आणि तो एन.डब्ल्यू.ए. या रॅप ग्रुपमध्ये एक दिवससुद्धा नव्हता, त्यात होता तो आइस क्यूब. ग्रुपवर दोन ओळींत सांगून भागेना म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

गल्लत होते त्यात कुणाची चूक नाही खरं तर. दोघांच्या नावात आइस, दोघंही लॉस एंजेलिसमधून पुढे आलेले, दोघंही गँगस्टा रॅपवाले (म्हणजे रस्त्यावरच्या टोळ्या आणि गुन्हेगारीवरचं रॅप), पोलिसांवरच्या गाण्यावरून दोघंही वादात सापडले आणि नंतर दोघांनीही पडद्यावर पोलिसाची भूमिका केली. (व्हॅनिला आइस हा तिसरा, टेक्सासचा, 1990 च्या 'आइस आइस बेबी'वाला, त्याचा या दोघांशी काही संबंध नाही, त्याला बाजूलाच ठेवू.)

नावापासून सुरुवात करतो कारण दोघांचा पिंड मला तिथेच दिसतो. आइस-टीचा चहाशी काही संबंध नाही. त्याचं खरं नाव ट्रेसी मॅरो, जन्म 1958, न्यू जर्सीतल्या नेवार्कचा, म्हणजे मुळात लॉस एंजेलिसचा नाहीच. तिसरीत असताना आई हार्ट अटॅकने गेली, काही वर्षांत वडीलही तसेच गेले, आणि हा एकुलता एक पोरगा देशाच्या पार दुसऱ्या टोकाला लॉस एंजेलिसला आत्याकडे येऊन पडला. तिथे क्रेनशॉ हायस्कूलमध्ये असताना आइसबर्ग स्लिम नावाच्या लेखकाची पुस्तकं त्याच्या हाती लागली, हा लेखक आधी बायकांना धंद्याला लावणारा दलाल होता आणि नंतर त्याच आयुष्यावर लिहायला लागला. ट्रेसीला त्याचे उतारेच्या उतारे पाठ, मित्र म्हणायचे, टी, ते आइसचं ऐकव ना अजून थोडं. ते 'आइस' आणि हा 'टी', झालं नाव.

आइस क्यूबचं घर बघा आता. ओशे जॅक्सन, जन्म 1969, लॉस एंजेलिसच्याच साउथ सेंट्रल भागातला, घरात आईवडील दोघंही, वडील यूसीएलए विद्यापीठात मैदानं राखायच्या कामावर आणि आई हॉस्पिटलमध्ये क्लार्क. मोठ्या भावाला मुलींचे फोन यायचे ते हा धाकटा उचलून त्यांच्याशी बोलत बसायचा, भाऊ वैतागून म्हणाला की तुला फ्रीझरमध्ये टाकीन आणि बाहेर काढीन तेव्हा तू बर्फाचा खडा झालेला असशील. म्हणजे एकाचं नाव रस्त्यावरच्या गुन्हेगारी पुस्तकातून आलं आणि दुसऱ्याचं घरातल्या भावाभावांच्या भांडणातून. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण आइस-टी जे सांगतो ते बरंचसं त्याने स्वतः केलेलं आहे, आणि आइस क्यूब जे सांगतो ते त्याने खिडकीत उभं राहून, शाळेच्या बसमधून, कोपऱ्यावरच्या पोरांकडे टक लावून पाहिलेलं आहे.

आइस-टी तरुणपणी सैन्यात गेला, मुलगी झाली होती, पैसा हवा होता, हवाईला पोस्टिंग होतं आणि तिथेच त्याने टर्नटेबल वगैरे सामान घेतलं. परत आल्यावर डीजे व्हायच्या नादाबरोबर ज्वेलरीची दुकानं लुटायचे उद्योगही केले, हे तो स्वतःच उघडपणे सांगत आलाय. मग 1986 चं 'सिक्स इन द मॉर्निंग'. सकाळी सहाला दारावर पोलीस, कोऱ्या आदिदास बुटांचा बाथरूमच्या फरशीवर करकर आवाज, आणि हा मागच्या खिडकीतून पसार. तो बुटांचा आवाज ऐकला की माझ्या अजूनही अंगावर काटा येतो, कारण पळून जाताना माणसाच्या कानात नेमकं तेच राहणार, हे कल्पनेने सुचायला अवघड आहे. वेस्ट कोस्टच्या गँगस्टा रॅपची सुरुवात पुष्कळ जण या गाण्यापासून धरतात. पुढच्या वर्षी 'राइम पेज' हा पहिला अल्बम आला, तेव्हा क्यूब जेमतेम 18 वर्षांचा. अकरा वर्षांचा फरक आहे दोघांत, हे लक्षात ठेवलं तरी अर्धी गल्लत मिटेल.

आइस क्यूबची सुरुवात टायपिंगच्या वर्गात झाली. नववीत शेजारच्या मित्राने पैज लावली की आपण दोघं एकेक रॅप लिहू, बघू कुणाचं भारी होतं, आणि याचं भारी झालं. शाळा साउथ सेंट्रलमध्ये नव्हती, बसने लांब सॅन फर्नांडो व्हॅलीतल्या टाफ्ट हायस्कूलला जायचा, म्हणजे रोज आपली वस्ती आणि दुसऱ्यांची सुबत्ता दोन्ही बघायचा. एन.डब्ल्यू.ए. मधल्या इझी-ईला ज्या 'बॉइझ-एन-द-हूड' गाण्याने नाव मिळवून दिलं त्याचे शब्द क्यूबचे आहेत, वय तेव्हा सतरा-अठरा. हे यशाच्या तोंडावर असताना तो चक्क ॲरिझोनाला फिनिक्समध्ये आर्किटेक्चरल ड्राफ्टिंगचा कोर्स करायला गेला, रॅप नाही चाललं तर हाताशी काहीतरी असावं म्हणून. आपल्याकडे आयटीआयला पाठवतात ना, अगदी तसं. कोर्स करून परत आला आणि एन.डब्ल्यू.ए.चा 'स्ट्रेट आउटा कॉम्प्टन' हा अल्बम झाला. आणि हो, क्यूब स्वतः कॉम्प्टन या लॉस एंजेलिसजवळच्या गावचा नाहीच, नाव कॉम्प्टनचं झालं ते इझी-ईमुळे.

आता सगळ्यात जास्त घोळ होतो ती दोन गाणी. पोलिसांना थेट शिवी देणारं एन.डब्ल्यू.ए.चं गाणं आणि 'कॉप किलर', लोक ही एकाच माणसाच्या नावावर खपवतात. एन.डब्ल्यू.ए.चं गाणं नीट ऐका, ते कोर्टाचा सीन आहे, ग्रुपमधलाच डॉ. ड्रे जज आणि क्यूब, एमसी रेन, इझी-ई एकेक करून साक्ष देतात, आरोपीच्या पिंजऱ्यात पोलीस. क्यूबचं कडवं पहिलं. लिहिणाऱ्याचं डोकं आहे ते, नुसता राग नाही. 1989 च्या ऑगस्टमध्ये एफबीआयच्या एका अधिकाऱ्याचं नाराजीचं पत्र त्यांच्या रेकॉर्ड कंपनीला आलं, त्याने उलट प्रसिद्धीच झाली.

'कॉप किलर' 1992 चं, आइस-टीचं, आणि ते रॅप नाहीये! ते हेवी मेटल आहे, म्हणजे रॉकचाच एक जड प्रकार, 'बॉडी काउंट' नावाच्या त्याच्या बँडचा. आत्याच्या घरी याला आतेभावाच्या खोलीत जागा मिळाली होती आणि तो भाऊ रात्रंदिवस रॉकचेच स्टेशन लावून ठेवायचा, ते कानात मुरलेलं होतं, आणि गिटारिस्ट अर्नी सी हा क्रेनशॉ शाळेतला दोस्त. अल्बम मार्चमध्ये आला, एप्रिलच्या शेवटी रॉडनी किंग या काळ्या माणसाला मारहाण करणारे पोलीस कोर्टातून सुटले आणि लॉस एंजेलिस पेटलं, आणि जूनमध्ये टेक्सासच्या पोलीस संघटनेने रेकॉर्ड कंपनीची मालक असलेल्या टाइम वॉर्नरवर बहिष्काराची हाक दिली. राष्ट्राध्यक्ष बुश बोलले, उपराष्ट्राध्यक्ष क्वेल बोलले, अभिनेता चार्लटन हेस्टन कंपनीच्या भागधारकांच्या सभेत उठून गाण्याचे शब्द वाचून दाखवायला लागला. सगळे रॅपच्या नावाने ओरडत होते आणि आइस-टी सांगत होता की अहो हे रॉक आहे, मी पात्राच्या तोंडून बोलतोय, पण काळ्या माणसाच्या तोंडी ते आलं की ऐकणाऱ्याला पात्र दिसत नाही, माणूसच दिसतो. कंपनीला धमक्या आल्या आणि जुलैत त्याने स्वतःच गाणं अल्बममधून काढून घेतलं. बऱ्याच जणांनी त्याला तेव्हा घाबरट म्हटलं. मला नाही वाटत तसं, ऑफिसात बसलेल्या ज्या कारकुनांनी काहीच लिहिलेलं नव्हतं त्यांच्या जिवावर बेतत होतं. त्याच 'बॉडी काउंट'ला 2021 मध्ये मेटलचा ग्रॅमी मिळाला, मी त्या दिवशी खरंच खूप खुश होतो.

क्यूबचं मोठं भांडण पोलिसांपेक्षा पैशाचं. एन.डब्ल्यू.ए.चे इतके शब्द याने लिहिलेले, पण मॅनेजर जेरी हेलरच्या हिशोबात आपल्या वाट्याला योग्य पैसे येत नाहीत म्हणून 1989 च्या शेवटी बाहेर पडला. वीस वर्षांचा पोरगा, चालू असलेला ग्रुप सोडून न्यूयॉर्कला जातो आणि पब्लिक एनिमी या रॅप ग्रुपचं संगीत करणाऱ्या बॉम्ब स्क्वॉडकडून संगीत करून 'अमेरिकाज मोस्ट वाँटेड' काढतो, ज्याच्या नावात इंग्रजीत तीन के लिहून कू क्लक्स क्लॅन या काळ्यांचा द्वेष करणाऱ्या गोऱ्यांच्या संघटनेकडे बोट दाखवलंय. मग 'डेथ सर्टिफिकेट', त्यात कोरियन दुकानदारांबद्दल जे लिहिलंय ते मला तेव्हाही खटकलं आणि आजही खटकतं, ते सोडून पुढे जात नाही मी. आणि मग 1992 चा 'द प्रेडेटर', त्यातलं 'इट वॉज अ गुड डे'. कुणी मेलं नाही, पोलिसांनी अडवलं नाही, आईने नाश्ता बनवला, बास्केटबॉल झालं, एवढाच तो चांगला दिवस. एवढ्या साध्या गोष्टी चांगल्या म्हणून मोजाव्या लागतात यातच त्या वस्तीचं सगळं आलं.

सिनेमाच्या बाबतीत पटकन सांगतो. 'न्यू जॅक सिटी'त पोलीस झालेला आइस-टी, 1991, आणि 2000 पासून एसव्हीयूमधला फिन टुटुओला तोच, म्हणजे मामेभावाची क्लिप. क्यूब त्याच 1991 मध्ये 'बॉइझ एन द हूड' सिनेमातला डोबॉय, मग 1995 चा 'फ्रायडे', जो त्याने डीजे पूहबरोबर स्वतः लिहिला आणि साधारण 35 लाख डॉलरमध्ये झाला. पोलीस म्हणून क्यूब दिसतो तो '21 जंप स्ट्रीट' आणि 'राइड अलाँग'मध्ये. आपल्याकडे मात्र कित्येकांनी त्याला नाव माहीत नसताना बघितलंय, 'ॲनाकोंडा'त जेनिफर लोपेझबरोबर शेवटपर्यंत जिवंत राहणारा कॅमेरावाला तो क्यूब! दीपिका पादुकोणच्या 'ट्रिपल एक्स'मध्ये शेवटी अचानक येऊन धडाधड गोळ्या झाडणारा पण तोच.

एवढं वाचूनही चेहरे डोक्यात पक्के बसले नसतील तर 'ट्रेसपास' बघा. 1992 च्या ख्रिसमसला आलेला, आधी याचं नाव 'लूटर्स' होतं पण दंगलीमुळे नाव बदललं आणि रिलीजही पुढे ढकललं. दोघंही आहेत त्यात, एकाच टोळीत. भावाला ओलीस धरलंय म्हणून डोकं शांत ठेवून सौदा करू बघणारा म्होरक्या तो आइस-टी, आणि त्याच्या शेजारी उभा राहून, भुवया जोडून, कशाला बोलत बसलाय मारून टाकूया म्हणणारा तो आइस क्यूब.