विजेची परतीची वाट

आमच्या घरातील पंधरा वर्षे जुन्या एसयूव्हीची बॅटरी एका वर्षात दोनदा बदलण्यात आली. सकाळी सेल्फ मारला की इंजिन कण्हत फिरे, डॅशबोर्डवरचे दिवे मंदावत आणि तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नाला गाडी सुरू होई. नवी बॅटरी बसवली की काही आठवडे बरे जात आणि मग पुन्हा तेच सुरू होई. दुसऱ्यांदा बदललेली बॅटरी रात्रभर स्वस्थ राहिल्यानंतर मी मोजली, तेव्हा तिच्या टोकांमधील विभवांतर १२.६ व्होल्ट भरले. म्हणजे प्रत्येकी सुमारे २.१ व्होल्टचे तिचे सहाही घट पूर्ण भारित होते. दोष बॅटरीत नव्हताच. इंजिन आणि गाडीची बॉडी यांना जोडणारी, तांब्याच्या तारांची विणलेली वीतभर लांबीची एक पट्टी असते. तिच्या एका टोकाच्या बोल्टखाली तो दडला होता.

हा दोष इतका काळ कोणालाच का दिसला नाही, याचे उत्तर मला शाळेपासून मनात रुजलेल्या एका गैरसमजात सापडते. वीज बॅटरीतून निघते, दिव्यापर्यंत पोहोचते आणि तेथे संपते, असे चित्र आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात असते. प्रत्यक्षात दिव्यात ऊर्जा खर्च होते, विद्युतधारा खर्च होत नाही. बॅटरीच्या एका टोकातून जेवढी धारा निघते, तेवढीच दुसऱ्या टोकात परत यावी लागते. घरातील उपकरणाला जाण्यासाठी आणि परतण्यासाठी अशा दोन तारा निदान डोळ्यांना दिसतात. गाडीत मात्र बहुतेक दिव्यांना आणि मोटारींना जाणारी तारच काय ती नजरेत भरते, कारण परतीचा वाहक म्हणून गाडीचा पोलादी सांगाडाच वापरलेला असतो. मेकॅनिक मंडळी त्याला ‘बॉडी अर्थ’ म्हणतात. रबरी टायरांवर उभ्या असलेल्या गाडीचा जमिनीशी येथे काहीही संबंध नसतो, आणि म्हणूनच हा शब्द थोडा फसवा आहे. ‘अर्थ’ म्हटले की ती केवळ सुरक्षिततेची, असली-नसली तरी चालणारी जोडणी वाटते; वास्तविक ती मंडलाचा, म्हणजे धारेच्या जाण्या-येण्याच्या पूर्ण वाटेचा, निम्मा भाग असते. बिघाड झाला की आपण फ्यूज पाहतो, रिले बदलतो, येणारी तार तपासतो, आणि पत्र्यावर कुठेतरी आवळलेल्या परतीच्या बोल्टाकडे कोणी वळूनही पाहत नाही.

आता थोडे आकडे पाहू. सेल्फची मोटार इंजिन फिरवताना सुमारे २०० अँपिअर धारा खेचते. मोठ्या डिझेल इंजिनात त्याहूनही अधिक. जॉर्ज ओहम यांनी १८२७ मध्ये मांडलेल्या नियमानुसार, वाटेतील एखाद्या सांध्याचा रोध (धारेला होणारा अडथळा) केवळ ७ मिलिओहम, म्हणजे एका ओहमचा सात-सहस्रांश असला, तरी २०० अँपिअर धारेला तेथे १.४ व्होल्ट गमवावे लागतात. त्या सांध्यावर २८० वॅट इतकी उष्णता निर्माण होते आणि मोटारीच्या वाट्याला तेवढे कमी विभवांतर येते. तोच सांधा जर ५ वॅटच्या लहान दिव्याच्या वाटेत असेल, तर तेथील तूट अवघी ३ मिलिव्होल्ट असते आणि दिवा अगदी ठणठणीत जळतो. ‘दिवे लागतात, म्हणजे अर्थिंग ठीक आहे’ हा तर्क येथेच फसतो. नवी बॅटरी भाराखाली थोडे अधिक विभवांतर टिकवून धरते, त्यामुळे ती ही तूट काही आठवडे झाकते आणि निदान अधिकच चुकते.

पण आवळून बसवलेल्या दोन धातूंच्या सांध्यात मुळात रोध येतो कोठून? हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. डोळ्यांना गुळगुळीत दिसणारा धातूचा पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली डोंगररांगेसारखा दिसतो. असे दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबले असता फक्त काही शिखरेच परस्परांना भिडतात. ती दाबाखाली चेपतात, आणि त्यांचे एकूण क्षेत्रफळ हे दाबणारे बल आणि धातूची कठीणता यांवर ठरते; बोल्टखालची चकती केवढी मोठी आहे, यावर जवळजवळ मुळीच नाही. दिसणाऱ्या क्षेत्राच्या एक टक्क्याहूनही कमी भागात खरा धातुस्पर्श होत असेल, तरी त्यात नवल नाही. साऱ्या विद्युतधारेला या मोजक्या ठिपक्यांतूनच वाट काढावी लागते. जणू रुंद नदीला बांधाच्या काही छिद्रांतून जायचे आहे.

स्वीडनमध्ये जन्मलेले आणि बर्लिनमध्ये सीमेन्स कंपनीत संशोधन केलेले रॅग्नार होल्म यांनी विसाव्या शतकात या विषयाचा पाया घातला. त्यांच्या सूत्रानुसार एका वर्तुळाकार ठिपक्यामुळे येणारा रोध म्हणजे धातूची रोधकता (धारेला अडवण्याचा त्याचा अंगभूत गुण) भागिले त्या ठिपक्याचा व्यास. तांब्याच्या बाबतीत २० मायक्रोमीटर व्यासाच्या एका ठिपक्यासाठी हा रोध सुमारे ०.८५ मिलिओहम येतो. या सूत्रातील बारकावा असा की भागाकार व्यासाने होतो, क्षेत्रफळाने नाही. एका ठिपक्याऐवजी एकदशांश व्यासाचे शंभर ठिपके घेतले, तर एकूण क्षेत्रफळ तेवढेच राहते. प्रत्येक लहान ठिपक्याचा रोध दहापट असतो. परंतु असे शंभर रोध समांतर जोडले गेल्यामुळे, ठिपके पुरेसे विखुरलेले असतील, तर एकूण रोध मूळच्या एकदशांशच राहतो. म्हणजे चांगला सांधा हा एका भरघोस स्पर्शाने बनत नाही. तो पुष्कळ विखुरलेल्या, चिमुकल्या स्पर्शांनी बनतो.

जुन्या गाडीचा सारा स्वभाव या एका गोष्टीतून उलगडतो. गंज आणि ऑक्साइड हे ठिपके एकेक करून बंद करत जातात. शंभरांपैकी पन्नास बंद झाले तरी रोध फक्त दुप्पट होतो, आणि मुळात तो इतका अल्प असतो की चालकाला काहीही जाणवत नाही. नव्वद बंद झाले की दहापट, अठ्ठ्याण्णव बंद झाले की पन्नासपट. म्हणून दहा-बारा वर्षे शांतपणे चाललेली झीज अखेरच्या काही महिन्यांत अचानक प्रकट होते आणि ‘कालपर्यंत गाडी चांगली होती’ असे आपण प्रामाणिकपणे सांगतो. उरलेल्या मोजक्या ठिपक्यांवर मग सारा भार येतो. होल्म यांच्याच विवेचनानुसार तांब्याच्या ठिपक्यावर ०.१२ व्होल्टची तूट असेल, तर तो सुमारे १९० अंश सेल्सिअसपर्यंत तापून मऊ पडू लागतो, आणि ०.४३ व्होल्टला तांबे वितळते. बाहेरून बोल्ट कोमट लागत असतानाही आत हे घडू शकते. मऊ झालेले शिखर चेपून स्पर्श क्षणभर सुधारतो, मोठ्या धारेपुढे ऑक्साइडचा पातळ थरही कधी कधी फुटतो; चौथ्या प्रयत्नाला गाडी सुरू होते त्यामागे अनेकदा हेच असते.

सेन्सरच्या वाटेतील सांध्याला मात्र हा आधार मिळत नाही. तेथील धारा काही मिलिअँपिअर एवढीच असते आणि ऑक्साइडचा थर फोडण्याचे बळ तिच्यात नसते. शिवाय गाडीतील बहुतेक कपलरांच्या, म्हणजे तारा एकमेकींना जोडणाऱ्या प्लास्टिकच्या जोडांच्या, पिनांवर कथिलाचा मुलामा असतो. १० मिलिमीटर लांबीचा तांब्याचा तुकडा ५० अंशांनी तापला की साडेआठ मायक्रोमीटरने वाढतो आणि कपलरचे प्लास्टिक त्याहून अधिक प्रसरण पावते. रोजच्या तापण्या-निवण्यात आणि हादऱ्यांत पिना अशा मायक्रोमीटरभर सरकत राहतात, प्रत्येक वेळी ताजे कथिल उघडे पडते, त्याचे ऑक्साइड बनते आणि तो कठीण चुरा स्पर्शाच्याच जागी साचतो. आपण ज्याला सरसकट ‘लूज कॉन्टॅक्ट’ म्हणतो, तो पुष्कळदा सैल नसून असा काजळलेला सांधा असतो. कपलर काढून पुन्हा लावताच गाडी सुधारते, कारण त्या ओरखड्याने काही नवे ठिपके उघडतात.

पत्र्यावरील बोल्टाची स्थिती आणखी बिकट असते. तेथे तांबे आणि लोखंड एकमेकांना टेकलेले असतात. त्यांची प्रमाण विद्युतविभवे अनुक्रमे अधिक ०.३४ आणि उणे ०.४४ व्होल्ट आहेत. म्हणजे ओलावा आणि थोडे क्षार मिळाले की सांध्यातच एक लहानसा विद्युत घट तयार होतो आणि त्यात लोखंड झिजते. तयार होणारा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, त्यामुळे तो वॉशर वर उचलतो आणि ओलाव्याला अधिक वाट करून देतो.

परतीची वाट अशी अडली की धारा दुसरी वाट शोधते, आणि येथून चमत्कारिक वाटणारे प्रकार सुरू होतात. इंजिन रबराच्या आधारांवर बसवलेले असल्याने ते बॉडीपासून विद्युतदृष्ट्या जवळजवळ अलग असते. विणलेली पट्टी निकामी झाली तर सेल्फची धारा अ‍ॅक्सिलरेटरच्या किंवा क्लचच्या पोलादी केबलमधून परतू पाहते आणि ती केबल भाजण्याइतकी तापते. मागील दिव्यांच्या संचात ब्रेकचा, पार्किंगचा आणि इंडिकेटरचा दिवा यांची परतीची तार एकच असते. ती तुटली असता ब्रेक दाबल्यावर धारा ब्रेकच्या २१ वॅटच्या तंतूतून समाईक बिंदूपर्यंत येते, तेथून पार्किंगच्या ५ वॅटच्या तंतूतून उलटी जाते आणि इतर पार्किंग दिव्यांतून त्यांच्या चांगल्या अर्थपर्यंत पोहोचते. परिणामी ब्रेक दाबताच डॅशबोर्डचे दिवे मंद उजळतात. गाडीला काही बाधा झालेली नसते आणि तिचा संगणकही बिघडलेला नसतो. कागदावर मंडल काढले की सारे स्पष्ट होते. पुढच्या दिव्यांचा मंदपणाही याच जातीचा असतो. हॅलोजन दिव्याचा प्रकाश विभवांतराच्या सुमारे ३.४ व्या घाताप्रमाणे बदलतो, म्हणून विभवांतर दहा टक्क्यांनी घटले की प्रकाश जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतो.

इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाच्या अर्थचा बोल्ट गंजला, तर त्याचे शून्यच, म्हणजे ज्या पातळीपासून तो व्होल्ट मोजतो तीच, वर सरकते. ५ व्होल्टच्या मापपट्टीवर ०.३ व्होल्टची सरक म्हणजे सहा टक्क्यांची चूक, आणि मग चांगले सेन्सर दोषी ठरून बदलले जातात.

यासाठीची चाचणी साधी आहे, मात्र मल्टिमीटर ओहमवर लावून ती करू नये. ओहम मोजताना मीटर अत्यल्प धारा सोडतो आणि त्याच्या स्वतःच्या तारांचा रोधच आपण शोधत असलेल्या काही मिलिओहमांपेक्षा कितीतरी मोठा असतो. ज्या केबलचा एकच धागा शाबूत आहे, तीही त्याला निर्दोष दिसते. मीटर डीसी व्होल्टवर लावावा. एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर, म्हणजे क्लॅम्पवर नव्हे तर प्रत्यक्ष शिशावर धरावे, दुसरे इंजिनच्या स्वच्छ धातूवर टेकवावे आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगावे. तारा पंख्यापासून आणि पट्ट्यापासून दूर ठेवाव्यात आणि गाडी न्यूट्रलमध्ये असावी. आकडा ०.२ व्होल्टच्या आसपास किंवा कमी असेल तर वाट मोकळी आहे. आमच्या गाडीत तो १.४ होता. मग टोक एकेक सांधा अलीकडे आणत गेले की ज्या सांध्याशी आकडा कोसळतो, तो दोषी ठरतो. एअरबॅगच्या पिवळ्या कपलरांना मात्र मीटर कधीही लावू नये.

सर्वच दोष परतीच्या वाटेचे नसतात, हेही सांगायला हवे. मागचा मोठा दरवाजा वर्षानुवर्षे उघडला-मिटला जाताना रबरी नळीतील तारा वाकून तुटतात आणि मागचा वायपर किंवा नंबरप्लेटचा दिवा बंद पडतो. ब्लोअर फक्त सर्वांत वरच्या वेगावर चालत असेल, तर मधल्या वेगांचा रोधक जळालेला असतो, कारण वरच्या वेगाला धारा त्याला वगळून जाते. सनरूफच्या निचऱ्याच्या नळ्या तुंबल्या की पाणी गालिच्याखालील कपलरांत शिरते. गाडी बंद असताना ५० मिलिअँपिअरपर्यंतचा खर्च सामान्य मानला जातो. तो अर्धा अँपिअर झाला, तर ६० अँपिअर-तासांची बॅटरी पाच दिवसांत रिकामी होते, आणि अल्टरनेटरचा एखादा निकामी डायोड एवढी गळती सहज करू शकतो.

अशा त्रासलेल्या मालकांना सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये लावायची ‘व्होल्टेज स्थिर करणारी’ आणि मायलेज वाढवण्याचा दावा करणारी डबी विकली जाते. आत एखादा कपॅसिटर असतो. तो १०,००० मायक्रोफॅरडचा आहे असे मानले, तरी १४ व्होल्टला त्यात साठणारी ऊर्जा जेमतेम एक ज्यूल भरते. सेल्फची मोटार सुमारे २,००० वॅट घेते. तिला ही ऊर्जा अर्धा मिलिसेकंद पुरेल. गंजलेल्या बोल्टावर त्या डबीचा काहीही परिणाम होत नाही, आणि असा दावा करून पैसे घेणे ही शुद्ध फसवणूक आहे.

दुरुस्तीसाठी बॅटरीची ऋण केबल आधी सोडवली, पट्टीचे दोन्ही बोल्ट काढले, पत्रा आणि चकती चकाकेपर्यंत घासली, विणलेली पट्टी आतून हिरवी पडली होती म्हणून नवी घातली आणि बोल्ट घट्ट आवळला. वर ग्रीसचा थर दिला तो वीज वाहण्यासाठी नाही, ओलावा दूर ठेवण्यासाठी. ग्रीस विद्युतरोधक असले तरी दाबाखाली शिखरे ते बाजूला सारून एकमेकांना भिडतात. त्यानंतरच्या चाचणीत मीटरने ०.०९ व्होल्ट दाखवले आणि बॅटरी अजून तीच आहे.